चौथ्या प्रश्नाचे उत्तर

आमच्या दैनिकाचा एक नियम माझ्या आधीच्या संपादकाने घालून दिला आणि मी तो एकोणीस वर्षे पाळला. निवडणूक जवळ आली की प्रत्येक उमेदवाराला सहा प्रश्न पाठवायचे. उत्तर पन्नास शब्दांत, खाली सही. छापताना या वर्षीच्या उत्तराशेजारी त्याच माणसाची मागची सगळी उत्तरे द्यायची, म्हणजे कोण कुठे वळला ते वाचकाला सांगावे लागत नाही. पान छपाईला जायच्या दिवशी उमेदवाराने कार्यालयात येऊन प्रूफ वाचायचे. नावाची, आकड्याची चूक सुधारता येते. उत्तर बदलता येत नाही. फार तर मागे घेता येते. मग त्या जागी ‘उत्तर मागे घेतले’ एवढेच छापतो. तोपर्यंत कोणी घेतले नव्हते.

चौथा प्रश्न गर्भपाताचा. त्यावर आमच्या आमदाराचे, रोमन येलिन्स्कीचे, उत्तर पाच निवडणुकांत एकच होते: ‘पोटात जीव आला की तो जीव. अपवाद नाही.’ विस्कॉन्सिनच्या मध्यावरचा हा आमचा परगणा, अर्धा पोलिश, बहुतेक कॅथलिक. पण ज्यांना हे उत्तर पटत नव्हते तेही रोमनला मत देत. आपल्या पशुखाद्याच्या दुकानात उभा असतो तसाच विधानसभेत उभा राहतो, असे म्हणत. २०२२ च्या उन्हाळ्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गर्भपातबंदीचा जुना कायदा आमच्याकडे पुन्हा लागू झाला आणि एकाएकी सगळे त्या चौथ्या प्रश्नाचेच उत्तर आधी वाचू लागले.

ऑक्टोबरातल्या पहिल्या मंगळवारी दुपारी चार वाजता तो प्रूफ वाचायला आला. आम्ही एका वर्गात होतो.

“व्हर्ना, कॉफी अजून तीच का गं?”

“तीच. तुझ्या उत्तरांसारखी.”

तो हसला, चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन बसला. पहिली तीन उत्तरे पटापट वाचली. चौथ्यावर थांबला.

“हे कुणी लिहिलं?”

“खाली सही तुझी आहे.”

“सही माझीच आहे. लिहिलं कुणी, ते विचारतोय.”

मी फाइल काढून मूळ कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याचा प्रचार पहिल्या निवडणुकीपासून त्याची मुलगी कोलेट सांभाळते. उत्तरे ती टाइप करते, तो न वाचता सही करतो. दर वेळी तेच उत्तर असेल तर वाचायचे कशाला? कागदावर तारीख नऊ सप्टेंबर होती. रोमनने बोटांवर काहीतरी मोजले.

“पाच आठवडे,” तो म्हणाला. “पाच आठवडेच झाले होते.”

मी मूळ कागद परत फाइलमध्ये ठेवू लागले.

“हे बदलायचंय.”

“बदलता येत नाही, रोमन. तुलाही माहीत आहे. दोन हजार अठरा साली उत्तर बदलायला आलेल्या त्या शेरीफला मी परत पाठवलं तेव्हा टाळ्या तूच वाजवल्या होत्यास.”

त्याने फोन काढला. “कोलेट, पेपरच्या ऑफिसात ये. आत्ता.”

पुढच्या अर्ध्या तासात जे कळले ते कोलेटची परवानगी घेऊन आज लिहिते आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला, गरोदरपणाच्या एकोणिसाव्या आठवड्यात, तिची गर्भजलाची पिशवी फुटली. बाळ वाचणार नव्हते, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते. इथल्या डॉक्टरांनी कायद्याच्या भीतीने वकिलांना फोन केले आणि वाट पाहिली. तिला ताप चढला. नवरा ट्रक घेऊन टेक्ससला गेलेला. शेवटी रोमनने तिला गाडीत घातले आणि तीन तासांवर, राज्याची हद्द ओलांडून, मिनियापोलिसला नेले. तिथे डॉक्टरांनी गर्भपात केला. गावाला एवढेच ठाऊक होते की येलिन्स्कींच्या मुलीचे बाळ गेले.

कोलेट आली ती हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. “मिसेस क्रूगर, आकडा चुकला का काही?” तिने मला विचारले.

“चौथा,” रोमन म्हणाला.

“चौथ्यात काय आहे? दर वेळचंच तर आहे.”

“म्हणूनच.”

तिने माझ्याकडे पाहिले. “डॅड, बाहेर जाऊन बोलू.”

“नको. बाहेर गेलो की आपण बोलत नाही. त्या दिवशी गाडीत बोललो का?”

“तू बोलला नाहीस,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण गठ्ठा टेबलावर आपटला. “तीन तास. रेडिओसुद्धा बंद केलास. मला वाटलं, मनातल्या मनात माझ्यासाठी क्षमा मागतोयस.”

“तुझा श्वास ऐकू यावा म्हणून बंद केला गं. मागच्या सीटवरून ऐकू येत नव्हता नीट.”

कोलेट खुर्चीत बसली.

“आणि तिथे? तुझ्या हातात जपमाळ होती. मला आत नेताना दिसली.”

“होती ना. काय मागत होतो सांगू?” त्याने चष्मा काढला. “लवकर करा, म्हणत होतो. बाकी काही नाही. डॉक्टर लवकर येऊ दे, लवकर करू दे, माझी पोर परत दे. दहा वर्षं लोकांपुढे अपवाद नाही म्हणतोय, आणि तिथे दाराबाहेर बसून अपवादच मागत होतो. तोही हातात माळ घेऊन.”

मी खिडकीकडे पाहू लागले. पान साडेपाचला खाली जायचे होते.

“तू हे लिहिलंस कशाला, कोलेट?”

“तुझं काही बदलू नये म्हणून. शेजारी पाच वेळचं छापून येतं. सहावं वेगळं आलं तर लोक विचारणार, काय झालं? आणि झालं काय, तर मी.” तिने नाक पुसले. “जुन्या फाइलमधून उचललं आणि चिकटवलं. अर्धं मिनिट लागलं. मग तासभर बाथरूममध्ये बसले होते.”

रोमनने तिच्या मनगटावर हात ठेवला. त्याचा हात मोठा, पोती उचलणाऱ्याचा.

“तो माझा नातू होता,” तो म्हणाला. “ते माझ्यापुरतं बदलत नाही. आणि तू माझी आहेस. ही दोन्ही एका उत्तरात कशी बसवायची ते मला येत नाही.”

“पन्नास शब्द मिळतात,” मी म्हटले. काहीतरी म्हणायला हवे होते.

“पाचशे दिलेस तरी नाही यायचं, व्हर्ना.”

मी मागे घेण्याचा नियम सांगितला. त्याने मान हलवली, पण पेन्सिल उचलली नाही, मुलीकडे पाहिले.

“उद्या सातपासून फोन सुरू होतील,” कोलेट म्हणाली. “काय सांगशील?”

“तुझं नाव निघणार नाही.”

“मग काय, हवा बदलली म्हणून मागे घेतलं? तुला वाऱ्याबरोबर फिरणारा कोंबडा म्हणतील. तुला!”

“म्हणू देत. तुझं सांगणं तुझं आहे. मी माझंच सांगेन.”

तिने पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. बाहेर शाळेची बस थांबली आणि गेली.

“सांग,” ती म्हणाली. “माझ्या नावासकट सांग. पण ‘पोरगी चुकली, मी माफ केलं’ असलं काही तुझ्या तोंडून निघालं, तर बघ. तुझी पोस्टरं तूच लाव.”

“शिडीवर मला चक्कर येते.”

“मग नीट बोल.”

दोघे हसले, आणि कोलेट हसता हसता रडली. रोमनने उत्तरावर रेघ मारली, बाजूला आद्याक्षरे घातली, वेळ लिहिली: पाच वाजून वीस मिनिटे.

नोव्हेंबरात तो तीनशे अकरा मतांनी पडला. आकडेवारी आमच्या जुन्या अंकांत आहे, हवी त्याने पाहावी. त्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर काहींनी त्याच्याशी बोलणे टाळले आणि दोन बायका काही न बोलता त्याचा हात धरून उभ्या राहिल्या, हेही मी पाहिले. पण त्या मंगळवारी हे कुणाला ठाऊक नव्हते.

त्याने कोरा कागद मागितला. उद्याचे निवेदन. सवयीने कागद कोलेटकडे सरकवला. तिने तो परत त्याच्याकडे ढकलला.

“हे तूच लिहायचंस.”

तो लिहू लागला. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली. मग मान वर न करता त्याने विचारले, “तुम्ही त्याचं नाव ठेवलं होतं का गं?”

आठ आठवड्यांत तिला हे कुणी विचारले नसावे. तिने खुर्ची त्याच्या बाजूला ओढली, त्याच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितले. रोमनने ते स्वतःशी दोनदा उच्चारले. मी प्रूफ उचलून खाली छपाईकडे निघाले, आणि निघताना दार ओढून घेतले.