वाऱ्यानं आपटलेलं दार

शाळेतून फोन आला तेव्हा मबरूका गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "इब्तिहालला पोलीस घेऊन गेलेत. लगेच या."

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत ती स्वतःची समजूत घालत राहिली. आपली पंधरा वर्षांची पोर, वर्गात दुसरी. काहीतरी घोळ झाला असणार.

घोळ नव्हता. इब्तिहालनं वर्गातल्या इसराचा हात चौकटीत दाबून धरला आणि दार जोरात लावलं. तीन बोटं मोडली. कारण काय, तर इसरानं न विचारता हिची वही घेतली.

मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकारी नजला मॅडमनी शांतपणे विचारलं, "सांग बाळ, काय झालं?"

पोरगी पापणीही न लववता म्हणाली, "काही नाही. वाऱ्यानं दार आपटलं."

ते वाक्य मबरूकाचं होतं. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात डॉक्टरांना तिनं हेच सांगितलं होतं, अगदी याच सुरात. तेव्हा इब्तिहाल तिची पिशवी धरून शेजारी उभी होती. आणि दार लावणारा लुत्फी, तिचा नवरा, डॉक्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

तेवढ्यात तोच आत आला. इस्त्रीचा सदरा, हसरा चेहरा. "मॅडम, आमचं घर खानदानी. हिच्या आईनं लाडावून ठेवलीय, दुसरं काय!"

"घरी कुणी कुणावर हात उचलतं?"

"छे! विचारा की हिला."

इब्तिहालनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत आशा नव्हती. आई काय बोलणार हे तिला पाठच होतं.

मबरूकानं डावा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं सरळ होत नव्हती. "वारा नव्हता, मॅडम. माझ्या बोटांवर यांनी लावलं होतं दार. आणि हिनं ते पाहिलं होतं."

"डोकं फिरलंय का गं तुझं?" लुत्फी ताडकन उठला.

"बसा," नजला मॅडम म्हणाल्या आणि शिपायाला आत बोलावलं.

न्यायाधीशांनी इब्तिहालला सुधारगृहात धाडलं नाही. नजला मॅडमच्या देखरेखीखाली तिला महदियाला मावशीकडे ठेवायचं ठरलं. मबरूकाही बोचकं बांधून निघाली. जाण्याआधी ती इसराच्या घरी गेली. इसराची आई म्हणाली, "तुमच्या बोटांचं कळलं, बाई. वाईट वाटलं. पण माझ्या लेकीनं काय केलं होतं?"

गाडी महदियाच्या रस्त्याला लागली. मग इब्तिहाल म्हणाली, "उम्मी, तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"भीती वाटली गं."

"मला नाही वाटली. इसरा किंचाळली ना, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. काहीच."

मबरूका लेकीकडे बघतच राहिली. चेहरा ओळखीचा, पण त्यात तिला आपली लेक सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नजला मॅडमना फोन लावला आणि या वेळी काही न झाकता लेकीचे ते शब्द जसेच्या तसे सांगितले.