एक वीत अंतर

गेल्या कार्तिकात विश्वेश रामनगरच्या पुलावर सायकलवरून पडला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. डोक्यालाही मार लागला होता. तीन दिवसांनी तो धड बोलायला लागला, तेव्हा पुलाआधीचं त्याला सगळं आठवत होतं, पुलावरचं काहीच नाही.

पुलावर काय झालं ते अनिमेषने सांगितलं. विश्वेश चालत्या सायकलवर फोन बघत होता आणि तोल जाऊन पडला, असं.

अनिमेष मूळचा अमरावतीचा. बँकेच्या बदलीवर बनारसला आला आणि इथलाच होऊन गेला. विश्वेशने आणि त्याने मिळून सायकल क्लब काढला होता. पावसाळा सरून हवा सुखाची झाली की क्लबाची मोठी फेरी निघायची: शहरातल्या लंका चौकातून पहाटे निघून रामनगर, चुनारमार्गे विंध्याचल आणि तिथून परत, दीडशे किलोमीटर. ही शर्यत नाही असं क्लबवाले सांगायचे, पण कोण कितवा आला याची यादी लागायची आणि पाच वर्षं त्या यादीत अनिमेषचं नाव पहिलं होतं. गेल्या वर्षी परतताना पुलाशी पोचेपर्यंत विश्वेश त्याच्या पुढे होता.

इस्पितळात अनिमेष रोज यायचा. शहाळी आणायचा, औषधं आणायचा, एकदा तर विश्वेशचा हात धरून रडला. दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे विधी सांगून थकून इस्पितळात आलेले दिनानाथ, म्हणजे विश्वेशचे वडील, घरी येऊन म्हणाले, "देवमाणूस आहे."

विश्वेशची मोठी बहीण मुक्ता. छत्तीस वर्षांची, शाळेत भूगोल शिकवते. तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पुढे विश्वेश काठी घेऊन चालायला लागला. डावा पाय आखूड पडला होता. सायकल संपली, ते त्याने मुकाट्याने मान्य केलं. मग एक दिवस त्याने क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं: "मेरी लापरवाही से सबका दिन खराब हुआ, क्षमा कीजिए." खाली अनिमेषने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मुक्ताने ते वाचलं आणि भावाची दया येऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सायकल दुर्गाघाटच्या घरात जिन्याखाली पडून होती. फाल्गुनात मुक्ताने ती विकायची ठरवली आणि दुरुस्तीला मैदागिनजवळच्या गंगाराम मिस्त्रीकडे नेली. म्हाताऱ्याने ती उलटी केली, पुढचं चाक फिरवलं. ते सरळ होतं. मागच्या चाकाच्या मात्र सहा तारा ओळीने तुटल्या होत्या.

"दीदी, अपने से गिरने पर ऐसा नहीं होता," तो म्हणाला. "बगल से किसी का पैडल घुसा है. ई देखिए, रंग."

तुटलेल्या तारांच्या टोकांना नारिंगी रंग लागला होता.

मुक्ताने घरी येऊन गेल्या फेरीचे फोटो शोधून काढले. फेरी सुटतानाच्या फोटोत अनिमेषच्या सायकलला नारिंगी पेडल होते. इस्पितळात पहिल्या दिवशी तो सायकलवरूनच आला होता, तेव्हाचाही एक फोटो सापडला. त्यात पेडल काळे होते. भावाचं ऑपरेशन चालू असताना या माणसाने दुकानात जाऊन पेडल बदलून घेतले होते.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? तो हात जोडून म्हणाला असता, ताई, तुम्हाला धक्का बसलाय, मी समजू शकतो. आणि बाबांनी त्याला चहा दिला असता.

तिने सायकल विकली नाही. गंगारामकडून नवं चाक घालून घेतलं, सीट आपल्या मापाने खाली करून घेतली. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी ती सायकल खांद्यावर घेऊन गल्लीच्या पायऱ्या चढायची आणि मोकळ्या रस्त्याला लागायची. आधी सारनाथपर्यंत, मग रिंगरोड, मग रविवारी चुनार. ज्येष्ठातल्या उन्हात तिला दोनदा ओकारी झाली. श्रावणात एका ट्रकच्या चिखलाने ती नखशिखान्त माखली. दर वेळी दमली की ती अनिमेषला विश्वेशचा हात धरून रडताना डोळ्यांसमोर आणायची आणि पाय पुन्हा फिरायला लागायचे.

"ताई, काय वेड घेतलंस?" विश्वेशने विचारलं.

"वजन उतरवतेय," ती म्हणाली.

तिला अनिमेषच्या पुढे जायचं नव्हतं. तिला त्याच्या मागे राहायचं होतं.

यंदाच्या फेरीला चाळीस जण जमले. क्लबाची सेक्रेटरी अंतरा थांब्यांवर शिक्के घ्यायची कार्डं वाटत होती. मुक्ताला पाहून अनिमेष पुढे आला. "अरे वा, मुक्ताताई! विश्वेशची सायकल ना ही? बरं वाटलं बघून."

"चाक नवं आहे," मुक्ता म्हणाली. "मागचं."

तो हसला, पण त्याची नजर चाकावर गेली आणि पटकन दुसरीकडे वळली.

फेरी सुटली. पूल ओलांडून रामनगर मागे पडेपर्यंत मुक्ताने त्याला गाठलं आणि तिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकापासून एक वीत अंतरावर आणलं. तिथेच ठेवलं. मागे राहणाऱ्याला वारा लागत नाही, म्हणून सायकलवाले आळीपाळीने पुढे होतात. दहा किलोमीटरनंतर अनिमेषने हात हलवून तिला पुढे व्हायची खूण केली. ती झाली नाही. तो हळू झाला, ती हळू झाली. त्याने जोर लावला, तिने लावला. चुनारला तो पाणी प्यायला थांबला, तर तीही थांबली आणि बाटली तोंडाला न लावता त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"काही बोलायचंय का, ताई?"

"नाही. चला तुम्ही."

मिर्झापूरच्या पुढे त्याने मागे वळून बघायला सुरुवात केली. आधी दर दोन-तीन मिनिटांनी, मग सतत. बघताना त्याची सायकल हलायची, एकदा तो रस्त्याच्या कडेच्या खडीत उतरला. विंध्याचलला दोघांनी कार्डावर शिक्का मारून घेतला. परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. तो वारा त्याने एकट्याने छातीवर घेतला आणि ती त्याच्या आडोशाला राहून आपले पाय राखत राहिली. मुक्ताच्या मनात एकच गोष्ट होती. पूल. उजवीकडून आत घुसायचं आणि त्याच्या चाकात पेडल घालायचं. कठडा किती उंच आहे, तेसुद्धा तिने आधी जाऊन पाहिलं होतं.

पुलाच्या अलीकडे रामनगरला शेवटचा थांबा होता. लस्सीच्या दुकानापुढे टेबल मांडून अंतरा बसली होती, इतर पाच-सहा जण पाठोपाठ पोचले. शेवटचे चार किलोमीटर राहिले होते. अनिमेषने शिक्का घेतला, सायकलवर बसला, मागे पाहिलं आणि खाली उतरला.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला.

"नाही. मी तुमच्या मागूनच येणार."

"मग मी जात नाही."

अंतराने हसून विचारलं, "क्या हुआ अनिमेषजी, थक गए?"

"ह्यांना पुढे जाऊ दे आधी!" त्याचा आवाज एकदम चढला. मराठी न कळणारेही वळून बघायला लागले. "पुलावर मी ह्यांच्यापुढे जाणार नाही. पाडणार आहेत त्या मला."

"मी?" मुक्ता अगदी हळू म्हणाली. "मी का पाडेन तुम्हाला?"

त्याने सायकल दोघांच्या मध्ये घेतली.

"सांगा ना. हिंदीत सांगा, सगळ्यांना कळू दे. मी तुम्हाला पुलावर कशाला पाडेन?"

त्याने अंतराकडे पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं. घाम गळत होता. "पैडल लग गया था," तो शेवटी म्हणाला.

"लगा था, कि लगाया था?"

"वो साइड नहीं दे रहा था... मैंने सोचा थोड़ा हट जाएगा."

अंतराने हातातला शिक्का खाली ठेवला. मुक्ताने फोन काढून विश्वेशला लावला आणि अनिमेषच्या तोंडासमोर धरला.

"त्याला सांगा."

त्याने सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, मराठीत सांगितलं. मग विश्वेशचा आवाज आला.

"म्हणजे मी फोन बघत नव्हतो?"

"नाही."

"एक वर्ष मी स्वतःला शिव्या देतोय, अनिमेष." आणि फोन बंद झाला.

"ताई, मला माफ करा," अनिमेष म्हणाला. खरंच रडत होता. मुक्ताने ते रडणं नीट पाहून घेतलं. इस्पितळातलंही असंच दिसलं होतं.

"माफ करायला मी दीडशे किलोमीटर आले नाही," ती म्हणाली आणि पुलावर चढली. त्या दिवशी अनिमेष पूल चालत ओलांडून गेला म्हणतात. अंतराने त्याचं नाव यादीतून आणि क्लबातून काढलं. दिनानाथांनी ऐकलं तेव्हा ते जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले.

संध्याकाळी विश्वेश मुक्ताजवळ येऊन बसला. तिच्या पायांना गोळे आले होते, ती तेल चोळत होती.

"ताई, तो उतरला नसता तर?"

"पाडला असता."

"खरंच?"

"कठड्यावरून खाली गेला असता तरी चाललं असतं मला."

विश्वेश तिच्याकडे बघत राहिला. आपली बहीण त्याला नव्याने दिसत होती आणि तिची थोडी भीतीही वाटत होती. मग त्याने तेलाची वाटी स्वतःकडे ओढली आणि तिच्या पोटरीवरची गाठ अंगठ्याने दाबायला लागला.

"मी असतो तर मीही पाडला असता," तो म्हणाला.