धाकलीच्या नळीला कुंकू

"सुखोई घेऊ का राफेल?" मी विचारलं.

"दोघींत धुवाले सोपं कोन्तं?" आईने बट्ट्या तळता तळता विचारलं.

दसऱ्याची संध्याकाळ होती. आपट्याची पानं वाटून झाली होती, वरण शिजलं होतं आणि माझं विमान ठरत नव्हतं. शाळेत 'माझे आवडते विमान' या विषयावर भाषणाची स्पर्धा होती. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. यंदा गणपतीत सूत्रसंचालन केलं आणि तेव्हापासून मला माइक सोडवत नाही. त्यामुळे पहिला नंबर माझाच, फक्त विमान तेवढं दणदणीत पाहिजे, असं माझं म्हणणं होतं.

आईला विमानांचं कौतुक वेगळं. गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतात, तिथे माझी आई विमानं धुते. ठेकेदाराची माणूस म्हणून. पिंप्राळ्यातून सकाळी मोपेडवर जाते आणि असोद्याच्या माहेरी म्हशी धुवायची तशी, पोटाखाली शिरून, कान-मान चोळून ती छोटी सेसना विमानं धुते. पंखांच्या पुढच्या कडेला किडे चिकटलेले असतात, ते ती नखाने नाही काढत, ओलं फडकं ठेवून भिजू देते. सगळ्यात लहान, निळ्या पट्ट्याच्या विमानाचं नाव तिने धाकली ठेवलंय. आता तर साहेब लोकही तिला धाकलीच म्हणतात. दिवाळीपासून आईला ठेकेदाराकडून काढून संस्थेत कायम घेणार होते. पगार वाढला की काय करायचं, यावरून आमच्या घरात रोज भांडण व्हायचं, इतकं ते पक्कं होतं.

विमान उडतं कसं हेही भाषणात सांगायचं होतं. लढाऊ विमानाचं चित्र मला झेपेना, म्हणून मी मोबाइलवर सेसनाचं चित्र उघडलं आणि आईसमोर मास्तरीण झाले.

"ही पंखाखालची बारीक नळी पाहिलीस?"

"रोज पाहाते."

"समोरून येणारी हवा तिच्यात शिरते. त्यावरून वेग कळतो. ती बुजली तर काटा खोटं सांगतो. वैमानिकाला वाटतं वेग भरपूर आहे, आणि खरं तर विमान पडायच्या बेतात असतं. म्हणून जमिनीवर असताना तिला लाल टोपी घालतात. आत कुंभारमाशीने घर केलं तरी घात होतो."

आईचा झारा कढईतच राहिला.

"मोहिनी, गॅस बंद कर."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. असोद्याला मामाकडे त्या दिवशी विळा, पावडं, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, आणि विहिरीवरच्या मोटारीची झाली की पाइपाच्या तोंडाला कुंकू लावतात. पाणी तिथून येतं म्हणून मान त्या तोंडाचा. आईने धावपट्टीवर सगळ्या विमानांच्या चाकांना हळदकुंकू लावलं. धाकलीचं मात्र साग्रसंगीत केलं. लाल टोपी काढली, तेलात कालवलेलं कुंकू बोटाने नळीच्या तोंडाला चांगलं दाबून लावलं आणि टोपी पुन्हा नीट घालून ठेवली.

तिने सुपरवायझर जितेंद्रभाऊंना फोन लावला. मी स्पीकर सुरू केला.

"वैनी, कोणाला काही बोलू नका," सगळं ऐकून ते म्हणाले. "दसऱ्याची सुट्टी आहे, आज कोणी उडालेलं नाही. सकाळी मी लवकर जातो, काडीला कापूस गुंडाळून पुसून टाकतो. विषय संपला."

"आन आत गेलं असन तं?"

"नाही जात वो."

"भाऊ, शेगडीच्या बर्नरात काडी घातली तं कचरा बाहेर येते का आत जाते?"

"दिवाळी तोंडावर आलीये. तुमची ऑर्डर निघायचीये. इचार करा जरा."

"तेच तं करून राह्यली," आई म्हणाली. मग तिने मोठ्या साहेबांचा नंबर मागितला, तो काही त्यांनी दिला नाही.

बट्ट्या आम्ही गारच खाल्ल्या.

"सकाळी तू चाल माह्यासंगं," ती म्हणाली. "मले साहेबांसमोर धड बोलता येत नई. तुले येते."

मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. झोपेपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. 'माननीय साहेब, माझ्या आईच्या हातून अनवधानाने' अशी झकास सुरुवात केली होती.

सकाळी आम्ही पोचलो तर धाकली बाहेर काढलेली. तिच्याजवळ रूपालीताई उभी होती, शिंदखेड्याची. शेतकऱ्याची पोर, खोली घेऊन राहते, आईच्या डब्यातली शेवभाजी हक्काने खाते. त्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी उडणार होती, शेजारी शिकवणारे सर नसताना. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री होती.

"मावशी, लवकर उनी? मले दखाले?" आम्ही तिचं उड्डाण बघायला लवकर आलोय असं वाटून तिने हसून विचारलं.

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ चहा घेत उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांकडे, अभिमन साहेबांकडे गेली. विमानांची दुरुस्ती तेच बघतात. मी घसा साफ केला. पण आई माझ्यासाठी थांबलीच नाही.

"साहेब, धाकलीले उडू देऊ नका. तिच्या नळीत मी कुंकू घातलं."

साहेबांचा कप बशीवर टेकला. जितेंद्रभाऊ लगबगीने पुढे आले.

"काही नाही साहेब, बाईंना उगाच शंका. मी पाहिलंय, साफ आहे."

साहेबांनी नळीची लाल टोपी काढून आत बॅटरी मारली. नळीचं तोंड खरंच लख्ख होतं. मीसुद्धा वाकून पाहिलं.

"इथे तर काही दिसत नाही, पुष्पाबाई."

"पुसलं असन कोनी, म्हनून दिसत नई," आई म्हणाली. तिने जितेंद्रभाऊंचं नाव घेतलं नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तेलातलं कुंकू व्हतं साहेब. माह्या हाताले माहीत हाये किती व्हतं."

साहेबांनी पाना मागवला. नळी सोडवून ती तळहातावर उलटी आपटली. एकदा, दोनदा. मग तेलकट, लाल गोळी त्यांच्या हातावर पडली, तुरीच्या दाण्याएवढी.

रूपालीताई त्या गोळीकडे बघत राहिली. तिने गळ्यातला हेडफोन काढून विमानातल्या सीटवर ठेवला.

त्या दिवशी एकही विमान उडालं नाही. सगळ्यांच्या नळ्या उघडून तपासल्या. दुपारी ठरलं की सफाईच्या बायकांनी यापुढे विमानाला हात लावायचा नाही. आईला कार्यालयाचे जिने आणि फरश्या मिळाल्या, ठेकेदाराकडूनच. कायम करायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

"म्हटलं होतं मी, वैनी," जितेंद्रभाऊ गेटवर म्हणाले.

"म्हटलं व्हतं खरं," आई म्हणाली, आणि मोपेडला किक मारली.

वाटेत मी तिला घट्ट धरून बसले होते. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी आरशात पाहिलं. ती रस्त्यावरचे खड्डे चुकवत होती.

मी शाळेत सेसनाचं नाव दिलं. वर्गातला कुंदन म्हणाला, "ती तर विमानांमधली स्कूटी आहे."

"सुखोईवाले पण आधी असल्याच स्कूटीवर शिकतात," मी म्हणाले. "आणि ती उडायच्या आधी कोणीतरी तिच्या पोटाखाली शिरून बघितलेलं असतं. त्यावर बोलणार आहे मी."

मला आता भाषणाच्या वेळेत मावणार नाही इतकं सुचत होतं.

रविवारी रूपालीताईचं उड्डाण झालं. तिने फोन करून मलाही बोलावलं होतं. धाकली धावली, उचलली गेली आणि केळीच्या बागांवरून वळली. आई कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिच्या हातातलं पोछ्याचं फडकं गळत होतं, ते तिच्या लक्षातच नव्हतं. विमान उतरलं, चाकं एकदा टणकन उडाली आणि टेकली, तेव्हा कुठे तिने फडकं पिळलं.

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला पाण्याने भिजवायची तिथे रीत आहे. शिकणारी पोरं बादल्या भरून तयारच होती. रूपालीताईने हात आडवा केला.

"थांबा रे. पहिलं पानी मावशी टाकी."

"बाईंना विमानापाशी येऊ द्यायचं नाही," जितेंद्रभाऊंनी आठवण केली.

"मंग मी जास तिकडे," ती म्हणाली, आणि धावपट्टी सोडून चालत आली. पोरं बादल्या घेऊन तिच्या मागे. कडक इस्त्रीच्या शर्टासकट ती आईच्या पायरीवर बसली.

आईने हात धुऊन पदराला पुसले. बादलीत बोटं बुडवून पाहिली.

"पानी गार हाये वं माय."

"ऱ्हाऊ दे. टाक."

पोरं ओरडत होती, पुरी बादली एकदम, मावशी, एकदम. आईने तांब्या भरला. एक तळहात रूपालीताईच्या कपाळावर आडवा धरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून, आणि तांब्या हळूहळू वाकवला.