पाऊण तास

केल्विन रेल्वेत गार्ड होता. बत्तीस वर्षं शिट्टी फुंकली, झेंडी दाखवली आणि घड्याळ पाहिलं. नोकरी सुटली, शिट्टी सुटली, घड्याळ काही सुटलं नाही. कॅराव्हॅन घेतली त्या दिवशी त्यानं आत पहिला खिळा ठोकला तो घड्याळासाठी. बायकोच्या कपबश्यांची सोय चार दिवसांनी झाली.

त्या घड्याळाचा एक नियम होता. गाडी कुठंही उभी असो, क्वीन्सलंडच्या उसात असो की पश्चिमेच्या वाळूत, आतलं घड्याळ अ‍ॅडलेडची वेळ दाखवणार. "बाहेर काय वाजायचं ते वाजू दे," केल्विन म्हणायचा, "आत अ‍ॅडलेडच वाजलं पाहिजे."

हा हट्ट नव्हता, पोटापाण्याची गोष्ट होती. त्याच्या बायकोचं, नोलीनचं काम अ‍ॅडलेडच्या वेळेवर चालायचं. तिकडं कुणाची मीटिंग असायची, कुणाचा कॉलेजचा तास, कुणाची कोर्टातली तारीख. तिथं एखादा ऐकू न येणारा माणूस बसलेला असायचा. नोलीन हजार मैलांवर कॅराव्हॅनमध्ये कानाला यंत्र लावून सगळं ऐकायची आणि जे बोललं जाईल ते लगोलग टाइप करायची. पेटीवर सूर धरावेत तशी दोन-दोन तीन-तीन बोटं एकदम पडायची, आणि पापणी लवायच्या आत त्या माणसापुढच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. या कामाचे नियम तीनच. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही आणि कडू असेल ते गोड करायचं नाही.

अकरा वर्षं असं चाललं होतं. रस्त्यावर असे पुष्कळ भेटायचे. कुणी चालत्या घरात बसून दुकानांचे हिशेब लिहायचा, कुणी जपानातल्या पोरांना इंग्रजी शिकवायचा, एक बाई तर घरांचे नकाशे काढायची. संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलं की सगळे नोलीनला चिडवायचे, की हिचा नवरा म्हणजे हिचं स्टेशन आहे, तो झेंडी दाखवल्याशिवाय ही हलत नाही. ते खरंच होतं. मोबाइलवर तिचा विश्वास नव्हता. दोन राज्यांच्या हद्दीवर मोबाइल कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या टॉवरची, आणि कॉम्प्युटर त्याच्या मागं धावतो. खिळ्यावरचं घड्याळ मात्र अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यापासून केल्विन चुकायला लागला होता.

आधी गॅसचा नळ उघडा राहिला. मग नातवाचं नाव सापडेना. मग ज्या वळणावर तो वीस वेळा वळला असेल, तिथं तो सरळ निघून गेला आणि चाळीस मैलांवर गाडी थांबवून गप्प बसून राहिला. लेक, जनीन, फोनवर म्हणाली, की आई, गॅस बाबांकडून काढून घे, किल्ल्या काढून घे, आणि ते घड्याळही आता तूच बघ. नोलीननं गॅस घेतला. किल्ल्याही घेतल्या, पाठ दुखते म्हणालास ना, मीच चालवते, असं सांगून. घड्याळाला तिचा हात जाईना. रोज सकाळी तो ते खिळ्यावरून उतरवायचा, काच पुसायचा, किल्ली द्यायचा, आणि तेवढा वेळ पुन्हा गार्ड व्हायचा. ती जनीनला म्हणाली, "तेवढं राहू दे त्याच्याकडं."

ऑगस्टात दोघं रानफुलं बघायला पश्चिमेकडं निघाली. वाटेतच लॉयडचा निरोप आला.

लॉयड नोलीनचा थोरला भाऊ. जहाजाच्या कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून पन्नाशीतच त्याचे कान गेले होते. हातवाऱ्यांची भाषा शिकायला तो तयार झाला नाही. एकटा होता, समुद्रकाठच्या झोपडीवजा घरात राहायचा, होडी काढायचा, मासे धरायचा. आता त्याच्या पोटात गाठ निघाली होती आणि तो अ‍ॅडलेडच्या इस्पितळात पडून होता. बुधवारी दहा वाजता डॉक्टर येऊन पुढचं काय ते बोलणार होते. इस्पितळानं टाइप करायला माणूस देऊ केला, तर यानं नकार दिला. आपल्याच माणसाचं काम घ्यायचं नाही अशी नोलीनच्या कंपनीची रीत होती, पण याच्या हट्टापुढं तीही वाकली. त्यानं बहिणीला लिहून कळवलं: "परक्याचं लिहिलेलं मी पेपरासारखं वाचतो. तुझं लिहिलेलं मला ऐकू येतं. नोली, एकच विचारायचं आहे. कापलं तर वाचायची आशा किती? निम्म्याहून कमी म्हणाला, तर मी घरी जाणार. होडीत मरेन, पण त्यांच्या टेबलावर मरणार नाही."

नोलीननं परत फिरायचं काढलं, तर त्यानं तेही धुडकावलं. तू आलीस तरी मला ऐकू येणार नाही, जिथं आहेस तिथून टाइप कर, म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी दोघं हद्दीवरच्या रोडहाऊसला पोहोचली. पेट्रोल, जेवण, चार खोल्या, गाड्या लावायला जागा, आणि चहूकडं उघडा माळ. त्या टापूत घड्याळाची एक गंमत आहे. हद्दीजवळची दोन-चार वस्तीची ठिकाणं ना अ‍ॅडलेडची वेळ पाळतात ना पर्थची. दोन्हींच्या मधली, स्वतःची अशी वेळ त्यांनी धरून ठेवली आहे. अ‍ॅडलेडला दहा वाजतात तेव्हा रोडहाऊसच्या भिंतीवर सव्वानऊ. केल्विन इथून सहा-सात वेळा गेला होता आणि दर वेळी त्या भिंतीकडं बघून हसला होता, की हे बघ, दोघांच्या भांडणात तिसऱ्यानं वेगळी चूल मांडली.

या वेळी तो हसला नाही. बुधवारी सकाळी तो चहा आणायला आत गेला, भिंतीकडं बघितलं आणि कपाळाला आठी घालून परत आला. गार्डची सवय अशी, की आपलं घड्याळ आणि स्टेशनचं घड्याळ जुळेना, तर आपलं चुकलं म्हणायचं आणि दुरुस्त करायचं. त्यानं घड्याळ उतरवलं, काटे फिरवले, काच पुसली आणि पुन्हा टांगलं.

नोलीनची पाठ त्याच्याकडं होती. हद्द ओलांडताना फळं नेऊ देत नाहीत, तपासणीला सगळी टाकून द्यावी लागतात, म्हणून ती उरलेली संत्री सोलत बसली होती.

"आज लॉयडचं काम ना?" तो म्हणाला. "घड्याळ नीट करून ठेवलंय."

"शाबास," ती म्हणाली. मागं वळून तिनं पाहिलं नाही.

कामाआधी अर्धा तास ती शब्दांना शिवायची नाही. मोबाइल खणात, कॉम्प्युटर मिटलेला, बोलणं बंद. कान मोकळे राहावेत म्हणून तिनं स्वतःला लावलेली ही शिस्त होती. घड्याळात सव्वानऊ झाले तशी तिनं खण लावून घेतला आणि संत्री सोलत राहिली. सालं एकीकडं, फोडी एकीकडं, वरचे पांढरे धागे काढून, अगदी निवांत. पावणेदहाला, म्हणजे नेहमीसारखी पंधरा मिनिटं आधी, तिनं हात धुतले, कानाला यंत्र लावलं आणि कॉम्प्युटर उघडला.

पलीकडं कुणी नव्हतं. रिकामी खाट दिसत होती, चादर एका बाजूला ओढलेली. खाली लॉयडच्या ओळी होत्या.

"नोली, डॉक्टर आलेत. तू दिसत नाहीस."

"बोलायला लागला. नेट गेलं का तुझं?"

"मी मान हलवतोय. पोरगा चांगला वाटतो, हसून बोलतो. बहुतेक बरीच आशा आहे."

"कागदावर सही घेतली. अक्षर बारीक होतं. आता खाली नेतायत. काय म्हणाला ते तू विचार आणि टाइप करून ठेव. वर आलो की वाचतो."

शेवटच्या ओळीपुढं वेळ होती, दहा वाजून एकोणीस मिनिटं.

नोलीननं मान वर करून खिळ्याकडं पाहिलं. दहाला बारा मिनिटं होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तिनं वॉर्डात फोन लावला. नर्स म्हणाली, की पोटात रक्त सुटलं होतं, ऑपरेशनची खोली मोकळी झाली, म्हणून घाईनं नेलं. नोलीन म्हणाली, की त्याला ऐकू येत नाही, त्याला काही समजलेलं नाही, थांबवा. नर्स गोंधळली. "अहो, पण ते मान डोलवत होते," ती म्हणाली. "हसतही होते." ऐकू न येणारी माणसं कशी मान डोलवतात ते नोलीनला ठाऊक होतं. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून डोलवतात. आणि लॉयडनं तर बहीण वेळेवर आली नाही हे चारचौघांत दिसू नये म्हणून डोलवली असणार. नर्स पळत गेली आणि परत फोनवर आली. त्याला भूल दिलेली होती, पोट उघडलं होतं.

एवढ्यात केल्विन काचा पुसायचं फडकं घेऊन दारात आला. नोलीनचा चेहरा पाहून त्यानं फडकं खाली ठेवलं.

"काय झालं? वेळेवर बसलीस ना?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. दाढी केलेली, शर्टाची वरपर्यंत गुंडी लावलेली. फलाटावर उभा असावा तसा ताठ.

"वेळेवरच बसले," ती म्हणाली. "नेट नव्हतं."

"हात्तिच्या," तो म्हणाला. "या नेटचा काही भरवसा नाही."

लॉयड चार वाजता टेबलावरच गेला. अ‍ॅडलेडचे चार.

डॉक्टरचा फोन आला. आवाज कोवळा होता आणि तो पुन्हा पुन्हा दिलगीर होत होता. नोलीननं त्याला थांबवलं. सकाळी भावाला जे सांगितलं, ते जसंच्या तसं परत सांग, म्हणाली. त्यानं सांगितलं. दहांत तीन, कापलं तर. नाहीतर घरी, वेदनेचं औषध घेऊन, दीड-दोन महिने, तेही रक्त थांबलं तर. तो बोलत गेला आणि ती टाइप करत गेली. काही गाळलं नाही, काही घातलं नाही, काही गोड केलं नाही. संपल्यावर तिनं ते लॉयडच्या पडद्याकडं पाठवलं. पोहोचल्याची खूण उमटली. वाचल्याची खूण उमटायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत पूर्वेला निघायचं ठरलं. केल्विन पाणी भरायला नळावर गेला, तेव्हा तिनं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं होतं. तिनं काटे पाऊण तास पुढं फिरवले, आपल्या बोटांचे ठसे पदरानं पुसावेत तसे स्वेटरच्या बाहीनं पुसले आणि ते परत टांगलं.

पाच तासांनी दोघं सेदूना गावाला पेट्रोलसाठी थांबली. तिथं अ‍ॅडलेडचीच वेळ चालते. केल्विन दुकानातलं घड्याळ बघून आला, कॅराव्हॅनमध्ये चढून आपलं बघितलं आणि समाधानानं पुढच्या सीटवर येऊन बसला. मांडीवर त्यानं कालच्या संत्र्यांचा डबा घेतला होता. हद्द ओलांडलीच नव्हती, त्यामुळं टाकायला लागली नव्हती.

"मिनिटाचाही फरक नाही," तो म्हणाला.

"नसायचाच."

गाडी रस्त्याला लागली. बराच वेळ तो फोडी खात बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "लॉयडचा डॉक्टर किती वाजता येणार होता गं?"

"दहाला."

"म्हणजे आपण वेळेत होतो."

नोलीननं स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर रस्ता सरळ होता, कुठंच वळण नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "वेळेत होतो."

त्यानं एक फोड तिच्या तोंडापुढं धरली. धागे काढून स्वच्छ केलेली. तिनं तोंड उघडलं आणि ती घेतली.