दुखणं पाठीचं, कळ पोटातली

कडोलीत झिम्मा-फुगडीचा विषय निघाला की मंगलचं नाव आधी यायचं. बेळगावातल्या एका हायस्कुलाच्या ऑफिसात दिवसभर फायली हलवणारी ही बाई संध्याकाळी पदर खोचून फेरात उतरली की तिच्यापुढं कुणी टिकत नसे. गाणी तिची, पहिला पाय तिचा, शेवटची फुगडीही तिचीच. गौरीच्या आधी बेळगावात बायकांच्या स्पर्धा असत आणि कडोलीच्या संघापुढं मंगल उभी असायची, हे इतकं ठरून गेलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नव्हतं.

यंदा नागपंचमी झाली, सराव सुरू झाला, आणि एका सकाळी गॅसची टाकी सरकवताना मंगलच्या कंबरेत उसण भरली. आधी तिनं मलम चोळलं, मग नवऱ्यानं, परशरामनं, तव्यावर फडकं गरम करून शेकलं. फरक पडेना. खुर्चीतून उठताना ती टेबल धरून उठू लागली, तेव्हा शाळेतल्या विद्युल्लता बाईंनीच तिला टिळकवाडीतल्या एका कायरोप्रॅक्टरचा नंबर दिला. हातानं मणके-सांधे जागेवर आणणारी डॉक्टर. चिन्मयी तिचं नाव.

डॉक्टरनं वाकायला लावलं, वळायला लावलं, पायात मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, हे खोदून खोदून विचारलं. मग कुशीवर झोपवून एक गुडघा दुमडला आणि अंगाला असा काही हिसका दिला की कंबरेतून कट्टकन आवाज आला. मंगलच्या तोंडून "आई गं!" निघालं. पण उठून बसली तर कंबर सुटल्यासारखी वाटली.

"आज बरं वाटेल," डॉक्टर म्हणाली, "पण उद्या-परवा अंग ठणकेल. बऱ्याच दिवसांनी व्यायाम केल्यावर ठणकतं ना, तसं. त्याला घाबरायचं नाही. पाणी भरपूर प्या. टॉवेलात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ लावा, नंतर गरम पाण्याची पिशवी. पडून राहू नका, सावकाश चाला. पण वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. आणि पाय बधिर झाले किंवा लघवीला त्रास झाला, तर लगेच दवाखान्यात जायचं."

"आणि फुगडी?"

डॉक्टर हसली. "फुगडी म्हणजे कंबर पिळणंच की हो. यंदा नुसती बघायची."

दुसऱ्या दिवशी खरंच अंग ठणकलं. खांद्यापासून मांड्यांपर्यंत कुणीतरी लाकडानं बडवल्यागत. तेही तिनं सोसलं असतं. सोसेना झालं ते देवळाच्या मांडवातल्या सरावातून येणारं गाणं. गाणं तिचं, आवाज रचनाचा.

रचना तिची धाकटी जाऊ, दीर विक्रमची बायको. निपाणीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी बसफुगडी येत नव्हती. ती मंगलनंच शिकवली होती. बायकांनी मंगलला विचारलंसुद्धा नाही, परस्पर रचनाला पुढं उभं केलं. आता आवाज असा खणखणीत लागला होता की मंगल कॉटवर पडल्या पडल्या चुका शोधू लागली. इथं श्वास तुटला. इथं ताल चढला. एखादी चूक सापडली की तिला ठणक्यातही बरं वाटायचं.

रचना घरी आली की आधी जावेच्या खोलीत यायची. "आक्का, पाणी पिलीस न्हवं? बर्फ लावून देऊ?"

"र्‍हाऊ दे. तू दमून आलीस."

"दमतोय कशाला? लई मजा येतीया. भरमाची आई म्हणालती, तुझ्यावाणीच दिसतोय म्हणं मी फेरात."

मंगलनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड लागलं नाही. 'तुझ्यावाणीच' म्हणे! इतक्या वर्षांत कमावलेलं चार संध्याकाळींत दुसरीच्या अंगावर दिसायला लागलं, मग आपलं त्यात होतं तरी काय?

सासू मालुबाई दारातून म्हणाली, "पोरीनं राखली बाई गावाची अब्रू." त्या रात्री मंगल जेवली नाही. पाठ दुखतीया, म्हणाली.

ठणका उतरू लागला तसं तिनं डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाली, "छान. आता थोडं जास्त चाला." मंगलनं तेवढंच ऐकलं. चालायला सांगितलंय ना, मग देवळापर्यंत चालायला काय हरकत आहे? पदर नीट करून ती मांडवाशी गेली.

आत रचना फुगडी घालत होती. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या, वेणी वाऱ्यावर. बायका ओरडून मोजत होत्या. मंगल आल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. ती थेट पुढं गेली.

"खांदं वर घेतीस गं तू. अशी न्हाय घालायची. हात दे हिकडं."

"आक्का, तुझी कंबर—"

"दे म्हणतोय न्हवं!"

रचनानं हात दिले. पहिली गिरकी बरी गेली, दुसरीला मंगलचं अंग हलकं झालं, बायकांनी तिचं नाव घेऊन आरोळी दिली, आणि तिसरीत कंबरेतून अशी कळ निघाली की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. गुडघे सुटले. फुगडीत एकीनं हात सोडला की दुसरी भुईवर आपटते, हे पोरीसोरींनाही ठाऊक असतं. रचनानं हात सोडले नाहीत. मंगलचा सगळा भार तिनं स्वतःच्या अंगावर ओढला, फेर हळूहळू मंद केला आणि तिला अलगद खाली बसवलं.

बायका रचनाची वाखाणणी करू लागल्या. मंगल तिथं बसून दात आवळत होती. हिनं आपल्याला धड पडूसुद्धा दिलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली.

सकाळी परशराम तिला पुन्हा टिळकवाडीला घेऊन गेला. डॉक्टरनं सगळं नीट तपासलं. नवीन काही बिघडलं नव्हतं, पण स्नायू ताणले होते. "आज मी काही हिसका देणार नाही," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. विश्रांती, बर्फ, थोडं थोडं चालणं. पण मला सांगा, बरं वाटत असताना असं का केलंत?"

परशराम बाहेर बसला होता. मंगल भिंतीकडं बघत म्हणाली, "दुखालतं पाठीत न्हाय, डॉक्टर. पोटात दुखालतं."

डॉक्टरला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती हसली नाही. "त्याला माझ्याकडं इलाज नाही," ती म्हणाली. "पण पाठ आवळून धरलीत तर ती सुटणार नाही, एवढं मला माहीत आहे."

स्पर्धा जवळ आली. शेवटचं मोठं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त मंगलला पाठ होतं. तिच्या आजीचं, खानापूरकडचं. रचना विचारायला आली तेव्हा मंगल सरळ खोटं बोलली, "आठवत न्हाय गं मला नीट."

"मग ऱ्हाऊ दे, आक्का. ते गाणंच गाळतो आम्ही."

रचना निघून गेली. मंगलला आधी गंमत वाटली. गाणं गळलं की लोक म्हणतील, मंगल नव्हती म्हणून. ह्या विचारात ती संध्याकाळी अंगणात सावकाश फेऱ्या मारू लागली. पायाला ताल हवा म्हणून नकळत तेच गाणं ओठांवर आलं:

"नदीपल्याड माझं घर, नाव हाकतो दीर गं..."

स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता रचनानं पुढची ओळ उचलली, "दीर म्हणतो उतर गं वैनी, काठ नावेचा धर गं..."

"उतर न्हाय, बस!" मंगल खेकसली. "मधी नदीत उतरवतीस काय त्या बिचारीला?"

आत हसू फुटलं. मंगलला हसायचं नव्हतं, तरी ओठ हललेच. चुकीची ओळ तिला ऐकवेना. स्वतःचं नाव मागं पडलं तर पडो, आजीचं गाणं असं बुडताना बघणं तिला जमणारं नव्हतं. कंबरेमागं उशी लावून ती चुलीपाशी बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगत गेली. कुठं श्वास घ्यायचा, कुठं थांबायचं, खांदे कुठं सैल सोडायचे. रचनाच्या हातातली भाकरी करपली.

स्पर्धेला मंगल गेली. गाडी वाटेत थांबवून दोनदा उतरली, चालली, पुन्हा बसली. संघाला दुसरं बक्षीस मिळालं. टाळ्यांचा कडकडाट झाला तो रचनाच्या फुगडीला, आणि लोकांनी फोटोसाठी बोलावलं तेही रचनाला. मंगलच्या पोटात पुन्हा ती कळ उठली, अगदी ओळखीची. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. तेवढ्यात रचना घामेजलेली धावत आली, "आक्का, ऊठ की, फोटोला!"

"जा तू. तुझा मान हाय."

"आणि गाणं कुणाचं?"

मंगल उठली. सावकाश, खुर्चीत पुढं सरकून, पाठ ताठ ठेवून, डॉक्टरनं शिकवलं होतं तशी.

दसऱ्यापर्यंत पाठ मोकळी झाली. रोज सकाळी ती डॉक्टरनं दिलेले व्यायाम करी आणि शाळेत तासातासानं उठून व्हरांड्यात चक्कर मारी. कोजागिरीला मांडवात बायका जमल्या, आणि पुढं कोण उभं राहणार म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. रचना मागं सरकली.

"म्होरं ये," मंगल म्हणाली. "गाणं मी म्हणतो, फुगडी तू घाल."

फेर सुरू झाला. रचनाची गिरकी रंगात आली, बायका ओरडू लागल्या, तसं मंगलच्या पोटात दुखलंच थोडं. तिनं आवाज चढवला आणि पुढची ओळ घेतली.