माझ्या नवऱ्याची झोप

शेजारची डिंपल बोलली ती एवढंच, "वहिनी, भाऊ रात्रभर जागेच असतात." पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोलायला निमित्त झालं होतं. आमचे हे, समाधान, केळीचे घड भरलेली ट्रॉली रावेरला पॅकिंगसाठी नेत होते. भरदुपारी डुलकी लागली आणि ट्रॅक्टर कालव्याच्या कडेला गेला. चाक दगडाला अडलं म्हणून वाचले. मी त्यांना हळदीचं दूध देत होते आणि ही ओट्यावर बसून माझ्याच नवऱ्याच्या रात्री मलाच सांगत होती.

"तुले कसं माहीत?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात सारेच घरावर, उघड्या धाब्यावर झोपतो ना. आमच्या ह्यांचा सुरतहून फोन येतो कारखान्याची रातपाळी सुटल्यावर. तेव्हा दिसतात भाऊ."

दिसतात म्हणे. हिचा नवरा सुरतेत, हिची तिशी अजून व्हायची, आणि दोघींच्या धाब्यांमधे गुडघाभर भिंत. आणि मी? पाठ टेकली की मेलेच. सकाळी डोकं जड, जीभ कोरडी, दिवसभर कुणी शब्द बोलायची चोरी. माझ्या नवऱ्याची रात्र माझ्याऐवजी शेजारणीला पाठ. जळू नाही तर काय करू?

"जळगावले झोपेची तपासणी होते," डिंपल म्हणाली. "भाऊंना न्या. तुम्हीही सोबत राहा."

ती जळगाव म्हणाली, म्हणून मी ह्यांना धुळ्याला नेलं. माझा भाऊ राहतो तिथं. तिथल्या दवाखान्यातल्या माणसानं दोन प्रश्न विचारले आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकाला लावायचं मशीन टेबलावर ठेवलं. हे कधी नव्हे ते बोलले, "न तपासता मशीन कशाचं? चल, ऊठ."

मग मुकाट्यानं जळगाव. पहिला दवाखाना चकाचक. तिथली पोरगी म्हणाली, "पेशंटवर रात्रभर मी कॅमेऱ्यातून लक्ष ठेवते. नातेवाइकांनी खाली थांबायचं." पोरगी देखणी होती, लिपस्टिक लावलेली. म्हणजे हिनं माझ्या नवऱ्याला निजलेलं पाहायचं आणि मी खाली बाकड्यावर डास मारायचे. मी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर ह्यांनीच रिक्षावाल्याला दुसरा पत्ता सांगितला. दवाखाना साधाच, जिना चढून वर. डॉक्टरबाई वयस्कर. म्हणाल्या, "इथं सोबतीचं माणूस खोलीतच झोपतं. घरच्यासारखी झोप लागली तरच तपासणी खरी. रिपोर्ट मी स्वतः वाचते, आणि मशीन आम्ही विकत नाही." बाकीचं माझ्या कानात शिरलंच नाही. खोलीत मी असणार, एवढं पुरे होतं.

"हेच बरं," हे घाईनं म्हणाले.

"घोरतात का हो हे?" बाईंनी मला विचारलं.

"कधीच नाही." हे फरशीकडे पाहत बसले.

संध्याकाळी एका मुलीनं ह्यांच्या डोक्याला, छातीला वायरी चिकटवल्या. तिचा हात ह्यांच्या केसांत होता तोवर मी पापणी लवू दिली नाही. मग माझी खाट दाराशी ओढली. कुणाला ह्यांच्यापाशी जायचं असेल तर मला ओलांडून जा. रात्रभर जागायचं ठरवून मी पाठ टेकली, आणि सकाळ झाली.

डॉक्टरबाईंनी कॅमेऱ्यातलं दाखवलं. हे वायरी गोळा करून उठत होते, माझ्या खाटेशी येऊन मला कुशीवर वळवत होते, आणि जाऊन आपल्या खाटेवर बसत होते. जरा वेळानं पुन्हा तेच.

"ह्यांना आजार दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांना झोपच मिळत नाही. तपासणी तुमची करायला हवी."

एसटीत भुसावळ आल्यावर मी विचारलं, "मले सांगायचं नही का?"

"सांगितलं होतं एकदा. बाईमाणसाचं घोरणं गावभर करता का म्हणालीस, अन् अबोला धरलास." हे खिडकीबाहेर पाहत होते. "घोरण्याचं काही नही. मधेच तुझा श्वास थांबतो. तो परत येतोवर मी काय झोपू?"

तरी आत ठसठसत होतंच. "डिंपलले मात्र आधी सांगितलंत."

"तिले काय सांगायचं? भिंतीपलीकडून तिले सारं ऐकू येतं. हा दवाखानाही तिनंच शोधला, सोबतीले खोलीत ठेवतात असा. तिचं नाव काढलं असतं तर तू आली असतीस?"

नसते आले.

पुढच्या आठवड्यात तीच खोली. वायरी मला, अन् सोबतीच्या खाटेवर हे. सकाळी वायरी काढता काढता ती मुलगी हसायला लागली. "काकू, काका काय झोपले हो रात्री. तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखे. तुमच्यावर मी लक्ष ठेवते म्हटल्यावर जे पडले ते आत्ता उठले."

पुन्हा तळपायाची आग मस्तकात. एवढा संसार केला, पण माझ्या नवऱ्याला असं निवांत निजलेलं मी कधी पाहिलं नाही. पाहिलं ते हिनं.

"ते नाकाचं मशीन मले कुठं मिळेल?" मी तिला विचारलं. "मले पण पाहायचंय."