अंधारात पाहणाऱ्यावर आळ

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा. आंधळगावातल्या एका कपाटात, कोसा रेशमाच्या चिंधीत गुंडाळलेला. जन्मभर माझ्याकडे लोकांनी संशयानेच पाहिले.

साल सत्त्याऐंशी. नागपूरच्या एका दुकानात आम्ही तीन कॅमेरे काचेमागे उभे होतो. आंधळगावच्या टेकचंदभाऊंना लग्नांचे शूटिंग करायचे होते. पण पारखायला आली त्यांची बायको, विमला. तिची सासू शकुनबाई कोशाच्या लुगड्याला करवतकाठ विणायची. त्याचे ते बारीक, सरळ दात घरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. विमलाला ते हात टिपून ठेवायचे होते. पण हातमागाच्या खोलीत उजेड कमी, आणि मोठे दिवे लावावेत तर उष्णतेने धागा कोरडा पडून तुटतो.

दुकानदार लांबचे जवळ दाखवणाऱ्या महागड्या कॅमेऱ्याचे गुण गात होता. विमलाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"शटर खाली करा, आन् दिवे बंद करा," ती म्हणाली.

"काहून जी, ताई?"

"अंधारातच पारखाचं हाये न! उजेडात त सारेच शहाणे असतात."

तिने आपल्या पदराचा काठ एकेकापुढे धरला. महागड्याने लांबून काठ जवळ ओढला, आणि दुकानातल्या टीव्हीवर काळोख झाला. दुसऱ्याच्या चित्रात नुसत्या मुंग्या. मुंग्या माझ्याही चित्रात होत्या, पण त्यांच्यातून काठाचे दात दिसत होते. मला घेतले. मी काय फुगलो म्हणता!

घरी शकुनबाईने मला पाहिले आणि हातांवर पदर ओढला.

"हे पेटी काठ चोरते. उद्या व्यापाऱ्याले दाखवान, की गावोगावी नक्कल."

"घरातच राहीन जी कॅसेट, आत्याबाई."

"हाव, मांजरही घरातच रायते. मंग दूध कोन पेते?"

शेवटी एकदाची ती मागावर बसली. मी डोळा ताणून तिची बोटे टिपली. पण त्या कॅसेटवरून विमला विणायला बसली, तर दात वाकडे. उसवले, पुन्हा विणले, पुन्हा वाकडे.

"अंधारात खोटंच दाखवते हा," टेकचंदभाऊ म्हणाले. "दुकानदारानं फसवलं. परत करून येतो."

मित्रांनो, मला तोंड नाही. जे पाहिले तेच मी दाखवले होते. तरी आता मलाच माझा संशय येऊ लागला.

मला खोक्यात घालून वर दोरी बांधत होते, तेव्हा शकुनबाई उंबऱ्यातून बोलली, "त्याले कायले दोष देता? डाव्या हाताचा एक धागा मीच सोडत होती. चोरानं नेलं, त वाकडंच न्यावं म्हून."

"मी चोर हावो का, आत्याबाई?" विमलाचे डोळे भरले.

म्हातारी खोक्याजवळ आली. मग दोरी तिनेच सोडली.

"पेटी त्या कोपऱ्यात ठेव. तू अठी बस, माया डाव्या हाताजवळ."

अशी झाली दुसरी कॅसेट. विमलाचा काठ आता सरळ येतो.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्यांना ओलाव्यात टाकू नका, भिंगाला बुरशी लागते. आणि ज्यांचे हात टिपायचे, त्यांच्याशेजारी आधी बसा; कॅमेरा कोपऱ्यात थांबेल.

शकुनबाई आता नाही. कधी कधी विमला मला टीव्हीला जोडते. त्या दुसऱ्या कॅसेटमध्ये काठ फारसा दिसतच नाही, विमलाचे डोके आडवे आले आहे. पण आवाज स्वच्छ येतो:

"डोकं काढ न, विमले. त्याले पाहू दे."